महाराजबागेतलं चितळ



आपण चिखलदऱ्याची माणसं. आपल्याला वाघाचं काय नवल? आपले कोरकू भाऊ वाघाला 'कुला' म्हणतात. १९७३-७४ साली देशात पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प झाले, त्यांत आपला मेळघाट होता. तरी आपल्यापैकी कितीजणांनी वाघ डोळ्यांनी पाहिला? फार थोड्यांनी. रानातला वाघ सहज दिसत नाही. म्हणून शाळेची सहल निघाली की मुलं हट्ट धरीत, "गुरुजी, वाघ पाह्याले नागपूरले जाऊ."

नागपूरला सीताबर्डीजवळ महाराजबाग आहे. भोसले राजांची ही बाग, म्हणून हे नाव. १८९४ साली तेथे प्राणिसंग्रहालय झालं. म्हणजे प्राणी ठेवून लोकांना दाखवण्याची जागा. ती बाग अकोल्याच्या कृषी विद्यापीठाकडे आहे. त्या विद्यापीठाला आपल्या वऱ्हाडच्या डॉ. पंजाबराव देशमुखांचं नाव दिलं आहे. नागपुरातच गोरेवाड्याला २०२१ साली दुसरं, फार मोठं संग्रहालय उघडलं. तेथे माणसं गाडीत बसतात आणि प्राणी मोकळे फिरतात!

पण आज आम्हाला सांगायचं आहे ते चितळाचं.

तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या वर्गातल्या एका मुलाला उंच गवतात चितळाचं पाडस दिसलं. एकटंच होतं. त्याला वाटलं, आई मेली. त्यानं ते उचलून घरी आणलं. आम्हीही शाबासकी दिली. चूक आमचीच. चितळाची मादी पाडसाला गवतात लपवून चरायला जाते. पाडसाच्या अंगाला वास थोडा, ते हलत नाही, म्हणून वाचतं. आई नंतर दूध पाजायला येते. त्या दिवशीही आली असेल.

पाडसाचं नाव सोन्या ठेवलं. शेळीच्या दुधावर ते वाढलं. सोन्या नर होता. शिंगं आली तशी माणसांनाच ढुशा मारू लागला. त्याला माणसाचं भय नव्हतं, कुत्र्याचंही नव्हतं. १९७२ च्या कायद्यानं रानातला प्राणी घरी पाळता येत नाही. फॉरेस्टवाले आले आणि घेऊन गेले. असं जनावर रानात सोडलं तर जगत नाही. सोन्या एका संग्रहालयात गेला. कोणत्या, ते आम्हाला कळलं नाही.

पुढं सहल महाराजबागेत गेली. मुलं वाघाकडे धावली. हा मुलगा चितळांच्या जाळीपाशी थांबला. "सोन्या, सोन्या" म्हणून हाका मारू लागला. एका चितळानं मान वर केली. "गुरुजी, हे आपलंच व्हय का?" आम्ही काय सांगणार? त्यानं खिशातली भाकर काढली. तेथे पाटी होती : प्राण्यांना खायला घालू नका. आम्ही ती त्याला वाचायला लावली. कोणी पिशवीसकट खाऊ टाकतात, ती पिशवी पोटात अडकून जनावर मरतं. (तुम्हालाही आता पाटी वाचता येते.) त्यानं भाकर परत खिशात ठेवली.

तो मुलगा आता गावात शेती करतो. मागच्या वर्षी त्याच्या पोरानं धुऱ्याच्या गवतात पाडस पाहिलं आणि धावत घरी आला. बापानं आधी कुत्रा बांधला. गुरं दुसऱ्या वाटेनं आणली. वनरक्षकाला कळवलं. त्या दिवशी कोणी तिकडे फिरकलं नाही. सकाळी लांबून पाहिलं, तर गवत दबलेलं होतं आणि पाडस नव्हतं. ओल्या मातीत मोठ्या खुरांशेजारी लहान खुरं उमटली होती.