हस्तऱ्याचे हवाईदल प्रमुख

भारतीय हवाईदलाचे माजी प्रमुख एअर चीफ मार्शल विवेक राम चौधरी मूळचे नांदेड जिल्ह्यातल्या हस्तरा गावचे. एअर चीफ मार्शल हे हवाईदलातलं पद लष्करातल्या जनरलच्या तोडीचं.

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून ते बाहेर पडले आणि 29 डिसेंबर 1982 रोजी लढाऊ वैमानिक म्हणून रुजू झाले. सियाचीनच्या मेघदूत मोहिमेत त्यांनी उड्डाणं केली. 1999 साली कारगिलमध्ये हवाईदलाची ‘सफेद सागर’ मोहीम चालली, त्यातही ते होते. कारगिलमध्ये बॉम्ब टाकणारी मिराज विमानं निघाली की मिग-29 ही लढाऊ विमानं त्यांना संरक्षण देत. शत्रूचं विमान जवळ फिरकू द्यायचं नाही, हे काम! त्यात बॉम्बचा धमाका नाही, पण मिराज सुखरूप परतावं म्हणून ते तितकंच मोलाचं. याच मिग-29 ची एक तुकडी चौधरींनी पुढे सांभाळली. त्यांच्या नावावर 3800 तासांहून अधिक उड्डाणाचा अनुभव आहे.

30 सप्टेंबर 2021 रोजी ते हवाईदल प्रमुख झाले आणि तीन वर्षं त्या पदावर राहिले. प्रबोधिनीतले त्यांचे सहाध्यायी, नागपूरचे मनोज पांडे, याच काळात लष्करप्रमुख होते. प्रबोधिनीच्या एकाच तुकडीतले दोन मराठी अधिकारी एकाच वेळी दोन दलांच्या शिखरावर, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

पेण-रोह्याच्या मुलामुलींनो, तुम्हालाही याच वाटेनं हवाईदलात जायचं असेल, तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित घ्या. प्रबोधिनीची प्रवेश परीक्षा वर्षातून दोनदा होते, आणि आता ती मुलींनाही खुली आहे.