शिवोलीचा एक दिवस

खेळ आणि पेय यांचे सख्य फार जुने आहे. मी राहतो त्या जबलपूर शहरातच त्याची एक साक्ष आहे. 1875 साली येथील छावणीत डेव्हनशायर पलटणीच्या अधिकाऱ्यांनी बिलियर्डच्या टेबलावर रंगीत चेंडूंची भर घातली आणि स्नूकर हा खेळ जन्मास आला, असे मानले जाते. श्रेय दिले जाते ते नेव्हिल चेंबरलेन या तरुण लेफ्टनंटाला. पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झालेले चेंबरलेन ते हे नव्हेत. दिवस पावसाचे, हाताशी पेला, समोर हिरवे टेबल. पण दार बंद. गावच्या माणसाला आत वाव असलाच, तर तो पेले भरण्यापुरता.

जर्मनीतील म्यूनिकच्या जगप्रसिद्ध बिअर-उत्सवाची कथा याच्या उलट. 1810 साली बव्हेरियाच्या युवराजाच्या विवाहानिमित्त गावाबाहेरच्या कुरणात घोड्यांची शर्यत झाली. आजच्या उत्सवाचे मूळ त्या शर्यतीत आहे. कुरण साऱ्यांना मोकळे होते. पुढे मात्र शर्यत मागे पडली आणि बिअरचे तंबू तेवढे वाढत गेले. एके ठिकाणी खेळ टिकला, पण तो कोंडलेला. दुसरीकडे दार उघडे राहिले, पण खेळ निघून गेला. दोन्ही एकत्र आणि तेही उघड्या आभाळाखाली नांदताना पाहावयाचे असतील, तर चोवीस जूनचा दिवस गोव्यातील बार्देशात काढावा.

सकाळी म्हापशाहून आधी हडफड्याला जावे. तेथील सेंट जोसेफ विद्यालय 1887 साली फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या धर्मगुरूंनी स्थापन केले. हेच गृहस्थ 1883 साली शेजारच्या शिवोलीत आले आणि गोव्यातील मुलांच्या पायाला फुटबॉल लागला तो त्यांच्यामुळे. गंमत पाहा, राज्य पोर्तुगिजांचे, खेळ इंग्रजांचा, आणि तो रुजला भाताच्या खाचरांत! कापणी झाली की मोकळ्या शेतात बांबूचे खांब रोवायचे आणि वाड्यावाड्यांच्या झुंजी लावायच्या, ही रीत गोव्याने जपली. याच मातीतून 1984 साली संतोष करंडक जिंकणारा संघ उभा राहिला, आणि 2012 साली फुटबॉल हा गोव्याचा राज्यक्रीडाप्रकार ठरला. 2016 साली डेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या मातबर क्लबांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले, तेव्हा पुष्कळांना वाटले की आता सारे संपले. पण खाचरांतल्या चेंडूला त्याची वार्ताही नव्हती. जूनमध्ये शेते पाण्याखाली असतात, तरी एखाद्या चिखलमाखल्या पटांगणात भिजणारी पोरे दिसतातच.

दुपारी शिवोली गाठावी. हा सांजांवाचा, म्हणजे संत जॉनचा सण. बायबलात कथा आहे की मेरी भेटीस आली तेव्हा आईच्या उदरातच या बाळाने आनंदाने उडी मारली. म्हणून गावकरी विहिरीत उड्या घेतात. डोक्यावर पानाफुलांचा 'कोपेल' नावाचा मुकुट, गळ्यात घुमट, तोंडी 'विवा सांजांव'! ज्या घरी वर्षभरात मूल जन्मले असेल किंवा नवा जावई आला असेल, त्या घराचा मान मोठा. घोळक्याला फळे आणि फेणी द्यायची ती त्या घराने. फेणी काजूच्या बोंडांची. बोंडे तुडवून रस काढायचा, तो आंबवायचा आणि भट्टीवर चढवायचा. पहिल्या उकळीचा अर्क तो सौम्य हुर्राक. तो पुन्हा ऊर्ध्वपातित केला की फेणी. काजूचे झाड पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणले, पण त्यापासून फेणी गाळली ती गोव्याने. 2009 साली काजूफेणीला भौगोलिक मानांकन मिळाले.

माझे लक्ष वेधले ते पेल्याने नव्हे, तर पेला देणाऱ्या हाताने. येथे पिणारा गिऱ्हाईक नसतो, तो पाहुणा असतो. आणि यजमानीण कुणाला पुरे म्हणायचे हे चांगले जाणते. अलीकडे तिकीट लावून, कर्णे लावून सांजांव साजरा करणारी ठिकाणे निघाली आहेत. तेथे पुरे म्हणणारे कोणी नाही. नशेत विहिरीत उतरणे हा काही खेळ नव्हे. या दिवशी माणसे बुडाल्याच्या बातम्या येतात, आणि त्यांकडे काणाडोळा करून सणाचे गोडवे गाणे मला प्रशस्त वाटत नाही.

दिवस कलू लागला की नदीकाठ भरतो. शापोऱ्याहून, आसगाव-हणजुणेहून दोन होड्या जोडून केलेल्या सांगडी सजून येतात. एकेका सांगडीवर एकेका वाड्याची ईर्षा. ज्यांनी हिवाळ्यात एकमेकांवर गोल चढविले, तीच पोरे आता एकमेकांच्या होड्यांवर पाणी उडवतात. परतीच्या बसमध्ये माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते. मांडीवर ओला कोपेल. रविवारच्या सामन्यात त्यांच्या नातवाला पुढे खेळवतील की मागे, याची विवंचना म्हापसा येईपर्यंत त्यांनी मला ऐकवली.