पांढरा खवा, काळी म्हैस आणि कॅमेरा



कॅमेरा शिकायला निघालेल्या मुलामुलींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘सर, सेटिंग कोणती ठेवू?’ कुणीतरी आकडे सांगतं, मुलं ते वहीत उतरवून घेतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच आकड्यांवर काढलेला फोटो काळाकुट्ट येतो. आकडे कालच्या उजेडाचे होते आणि आजचा उजेड वेगळा आहे, एवढंच त्याचं कारण. कॅमेऱ्याचं शिक्षण उजेड ओळखण्यापासून सुरू होतं आणि त्यासाठी लांब कुठे जायची गरज नाही. आपल्या भूम तालुक्यातली खव्याची भट्टी त्याला पुरेशी आहे.

बालाघाटच्या माळावरचा हा तालुका. पावसाचा भरवसा नाही, म्हणून शेतीला दुधाची जोड आली, दुधातून खवा आला आणि कुंथलगिरीचा पेढा लांबलांब पोचला. भट्टी तुम्ही पाहिलेलीच असेल. पत्र्याचं शेड, खाली जाळ, वर मोठी लोखंडी कढई, लांब दांड्याच्या उलथण्यानं दूध सारखं हलवत उभा असलेला माणूस. दाराच्या एका बाजूला लख्ख ऊन, आत धूर, वाफ आणि अंधार. नवशिक्याला फोटोग्राफीत ज्या अडचणी येतात, त्या सगळ्या इथे एकाच छपराखाली भेटतात.

आधी उजेडाचं माप घेऊ. भट्टीच्या बाहेर दुपारच्या स्वच्छ उन्हात उभे राहा. आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ १६ आणि शटर स्पीड एक भागिले १२५. एवढ्यावर फोटो बरोबर येतो. जुन्या फोटोग्राफरांचा हा साधा नियम आहे : कडक ऊन असेल तर अ‍ॅपर्चर १६ वर ठेवायचं आणि जेवढा आयएसओ, साधारण तेवढाच शटर स्पीडचा आकडा धरायचा. आता चार पावलं आत या. शटर तेच ठेवलं, तर आयएसओ १६०० पर्यंत चढवावा लागेल आणि अ‍ॅपर्चर एफ ४ पर्यंत उघडावं लागेल. हिशोब केला तर आयएसओमध्ये सोळा पट आणि अ‍ॅपर्चरमध्ये सोळा पट, म्हणजे एकूण दोनशे छप्पन्न पट. दारातून आत येताना आपल्या डोळ्यांना एवढा फरक जाणवतही नाही, कारण बाहुली आणि मेंदू मिळून तो झाकून टाकतात. कॅमेऱ्याला तो झाकता येत नाही. म्हणून दारात उभ्या माणसाचा चेहरा काळा येतो आणि मागचं अंगण पांढरंफटक. यात कॅमेरा बिघडलेला नसतो. चेहरा हवा की अंगण, हे आपण त्याला सांगितलेलं नसतं.

हे सांगायला आपल्या हातात तीन गोष्टी असतात. पहिली अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सच्या आतलं लहानमोठं होणारं छिद्र. एफ पुढचा आकडा वाढला की छिद्र लहान होतं, आणि इथे मुलं हमखास गोंधळतात. तो आकडा भागाकाराचा आहे, हे ध्यानात घ्या. ५० मिलिमीटरची लेन्स असेल, तर एफ ४ ला छिद्र साडेबारा मिलिमीटर रुंद असतं आणि एफ १६ ला जेमतेम तीन. आकडेही उगाच विचित्र नाहीत. २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे जाताना दर पायरीला छिद्राचं क्षेत्रफळ निम्मं होतं आणि उजेडही निम्मा होतो.

छिद्राची करामत बघायची असेल, तर भट्टीच्याच पत्र्याकडे वर बघा. खिळा निघालेल्या भोकातून धुरात उजेडाची तिरीप उतरते आणि जमिनीवर कवडसा पडतो. भोक वाकडंतिकडं असलं तरी कवडसा गोल असतो, कारण ती भोकाची सावली नसून सूर्याची प्रतिमा असते. सूर्यग्रहणात हेच कवडसे कोरीच्या आकाराचे होतात. अंधारी खोली आणि एक बारीक छिद्र, एवढ्यावर कॅमेऱ्याचा जन्म झाला. भोक मोठं केलं तर उजेड वाढतो, पण कवडशाची कड पुसट होत जाते. लेन्स बसवल्यावर गणित थोडं बदलतं, पण सौदा तसाच राहतो. छिद्र मोठं असेल तर उजेड भरपूर मिळतो, पण जिथे फोकस केला तेवढंच स्पष्ट येतं. छिद्र लहान केलं तर कढईच्या कडेपासून मागच्या दुधाच्या कॅनपर्यंत सगळं नीट दिसतं, पण उजेड कमी पडतो.

दुसरी गोष्ट शटर स्पीड, म्हणजे उजेड किती वेळ आत येऊ द्यायचा ते. ही उलथण्यावर शिका. एक भागिले तीसवर फोटो काढला, तर हलणारं उलथणं फरफटलेलं येतं. एक भागिले पाचशेवर काढलं, तर ते जागच्या जागी थिजतं, दुधाचा उडालेला थेंबसुद्धा हवेत दिसतो. दोन्ही फोटो बरोबर असू शकतात. मला स्वतःला पहिला अधिक आवडतो, पण तो मुद्दाम काढलेला असला तरच. त्यात तासन्‌तास न थांबणारा हात दिसतो. फक्त माणूस आणि कढई स्पष्ट आली पाहिजे, म्हणून कॅमेरा खांबाला टेकवा किंवा ट्रायपॉडवर ठेवा. तिसरी गोष्ट आयएसओ, म्हणजे उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील असावा ते. तिच्यात फार अडकू नका. अंधारात ती वाढवावी लागते, वाढवली की चित्रात दाणे दिसायला लागतात. दाणेदार पण स्थिर फोटो हा हललेल्या फोटोपेक्षा केव्हाही चांगला.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. कॅमेऱ्यात उजेड मोजणारा मीटर असतो. तो समोरची वस्तू ओळखत नाही. समोर जे काही आहे ते सरासरी करड्या रंगाचं असणार, असं धरून तो चालतो. अंगावर पडलेल्या उजेडापैकी साधारण अठरा टक्के परत पाठवणारा करडा रंग, हे त्याचं जुनं माप. माणसं, झाडं, घरं अशी सरमिसळ समोर असते तेव्हा हे माप चालून जातं. पण खव्याचा गोळा परातीत घ्या आणि फोटोची चौकट त्या गोळ्यानंच भरून टाका. मीटरला वाटतं उजेड फार झाला. तो फोटो अंधारा करतो आणि पांढरा खवा राखेसारखा करडा येतो. मग गोठ्यात जा. लांब शिंगांची पंढरपुरी म्हैस उभी असेल, तिच्या अंगानं चौकट भरा. आता मीटरला वाटतं उजेड कमी आहे. तो फोटो उजळ करतो आणि काळीभोर म्हैसही करडीच येते. पांढरा खवा आणि काळी म्हैस, दोन्ही एकाच रंगाची! हे दोन फोटो शेजारी ठेवून ज्या विद्यार्थ्यानं पाहिले, त्याला ऑटो मोडवर किती विसंबायचं ते पुन्हा सांगावं लागत नाही.

उपाय सोपा आहे. कॅमेऱ्यावर अधिक-उणे चिन्हाचं एक बटण असतं. खव्यासाठी अधिक एकवर न्या, म्हशीसाठी उणे एकवर. म्हणजे पांढऱ्याला उजेड वाढवायचा आणि काळ्याला कमी करायचा. ऐकायला उलटं वाटतं, पण मीटर काय धरून चाललाय हे कळलं की ते लगेच पटतं. मोबाईलवरही हे करता येतं. पडद्यावर वस्तूवर बोट टेकवलं की बहुतेक फोनमध्ये बाजूला छोटा सूर्य येतो, तो वर-खाली सरकवायचा.

व्हाइट बॅलन्सचं, म्हणजे उजेडाचा रंग कसाही असला तरी पांढरं पांढरंच दिसावं यासाठीच्या सेटिंगचं, थोडक्यात सांगतो. जाळाचा उजेड तांबडा, दारातून येणारा निळसर आणि वरच्या ट्यूबचा आणखी वेगळा. खव्याच्या रंगावरून माल जोखणारे लोक असतात, त्यामुळे विक्रीसाठी फोटो पाठवायचा असेल तर खवा दाराजवळच्या उजेडात आणून काढा. जाळाचा फोटो काढताना मात्र तांबडेपणा राहू द्या, व्हाइट बॅलन्स ऊन या खुणेवर ठेवा. जाळच पांढरा दिसायला लागला, तर भट्टी भट्टी वाटत नाही.

हे सगळं शिकायचं कसं, याचं आपल्या मराठी मुलखात एक उत्तम उदाहरण आहे. १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरला जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला गेले आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात. १८९० मध्ये त्यांनी कॅमेरा घेतला आणि फोटो काढण्यापासून धुण्या-छापण्यापर्यंतचे प्रयोग सुरू केले. कलाभवनाचे प्राचार्य गज्जर यांनी त्यांची ओढ ओळखून त्यांना रतलामला तिरंगी छपाईचे ब्लॉक आणि डार्करूमचं काम शिकायला पाठवलं. १९१२ मध्ये लंडनहून चित्रपटाचा कॅमेरा आणल्यावर मोठ्या कथेला हात घालण्याआधी त्यांनी काय केलं? कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि महिनाभराहून जास्त काळ एकेक चौकट टिपली. छोटासा चित्रपट तयार झाला, ‘अंकुराची वाढ’. तो पाहून फोटोच्या सामानाचे व्यापारी यशवंत नाडकर्णी पैसे द्यायला तयार झाले आणि ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला.

विद्यार्थ्यांनी फाळक्यांची ही रीत उचलावी. जागा एकच, वस्तू एकच, बदल एका वेळी एकाच गोष्टीत. आज फक्त अ‍ॅपर्चर बदला, उद्या फक्त शटर. आकडे लिहून ठेवायचीही सक्ती नाही, कारण डिजिटल फोटोच्या तपशिलात ते आपोआप नोंदलेले असतात. ते उघडून बघायची सवय मात्र लावून घ्या. शंभर फोटो काढून विसरण्यापेक्षा दहा फोटो शेजारी लावून त्यांत फरक का पडला हे शोधण्यात शिक्षण जास्त आहे.

कॅमेरा नाही म्हणून थांबू नका. बऱ्याच मोबाईलमध्ये आता ‘प्रो’ नावाचा मोड असतो. त्यात शटर आणि आयएसओ हातानं ठरवता येतात. अ‍ॅपर्चर बहुतेक फोनमध्ये बदलत नाही, तेवढी एक गोष्ट नंतर शिकाल. कॅमेरा घ्यायचाच असेल, तर कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या साध्या किट लेन्सवर दोन-तीन वर्षं आरामात निघतात. फक्त एक लक्षात असू द्या. झूम पुढे नेला की त्या लेन्सचं छिद्र सहसा एफ ५.६ पेक्षा मोठं उघडत नाही, म्हणून अंधाऱ्या भट्टीत झूम मागे घ्या आणि स्वतः दोन पावलं पुढे जा.

पुढे जाताना परवानगी विचारा. भट्टीवरची माणसं कामात असतात, घामाघूम असतात, प्रत्येकाला तशा अवस्थेत फोटो नको असतो. बायाबापड्यांना तर आधी विचारायलाच हवं. कुंथलगिरीच्या जैन तीर्थाच्या डोंगरावर गेलात, तर तिथले मुनी आणि यात्रेकरू यांच्याबाबतही हेच. मला कळकळीनं सांगायचं आहे ते असं : या भट्ट्यांवर, गोठ्यांवर, आठवडी बाजारावर आपला तालुका जगला आणि त्यांचे नीट काढलेले, तारीख-गाव लिहिलेले फोटो आपल्याकडे फार थोडे आहेत. लाकडाच्या जाळाची जागा कुठे कुठे यंत्रं घेत आहेत. हे सगळं टिपून ठेवायचं काम बाहेरून येणारा कुणी करणार नाही. इथल्या शाळा-कॉलेजच्या मुलामुलींनी ते करावं.

शिक्षकांना आणि गावोगावच्या स्टुडिओवाल्यांनाही माझी विनंती आहे. कपाटात एखादा जुना कॅमेरा पडून असेल, तर तो चार्ज करून एखाद्या होतकरू मुलाच्या, मुलीच्या हातात द्या. आणि मुलांनो, ज्यांचा फोटो काढाल, त्यांना त्याची एक प्रत छापून नेऊन द्या.