मोटारीची काच आणि विम्यातील वजावट



बेळगावाहून चोरला घाटाने गोव्याकडे उतरणारा असो की इंदुराहून आग्रा रस्त्याने मुंबईकडे निघालेला असो, मोटार बाळगणाऱ्या प्रत्येकाच्या कानाला एक आवाज परिचयाचा असतो. पुढे चाललेल्या खडीच्या ट्रकमागून एखादा खडा उसळतो, समोरच्या काचेवर ‘टक्’ असा आदळतो आणि तेथे हरभऱ्याएवढा पांढरा डाग उमटतो. मोटार जागच्या जागी थांबवावी इतके ते नुकसान मोठे नसते आणि विसरून जावे इतके ते लहानही नसते. अशा वेळी मालकाच्या मनात येणारा पहिला विचार काचेचा नसून विम्याचा असतो. हा खर्च विम्यातून निघेल काय, आणि निघालाच तर सगळा निघेल काय, या प्रश्नाचा आज आपण थोडा विचार करू.

मोटारीचा विमा उतरविताना त्यात ‘वजावट’ या नावाची एक अट असते. इंग्रजीत तिला डिडक्टिबल म्हणतात. नुकसान झाले म्हणजे त्यातील ठरावीक पहिली रक्कम विमेदाराने स्वतः सोसावयाची आणि त्यावरील रक्कम कंपनीने द्यावयाची, असा या अटीचा अर्थ. ही अट निव्वळ कंपनीच्या कंजूषपणातून निघालेली आहे असे समजण्याचे कारण नाही. दोनशे रुपयांच्या ओरखड्यासाठी अर्ज, तपासणी, फोटो, हिशेब असा सारा कारखाना चालवावयाचा म्हटले तर त्या कामाचाच खर्च नुकसानीहून अधिक होईल आणि अखेर तो सर्वांच्या हप्त्यावर चढेल. शिवाय आपल्याही खिशाला थोडी झळ लागणार आहे ही जाणीव असली म्हणजे माणूस गाडी जरा जपून चालवितो. आरशाला, पत्र्याला, बंपरला हा न्याय ठीक आहे. समोरच्या काचेची गोष्ट मात्र निराळी आहे.

मोटारीच्या बाजूच्या खिडक्यांची काच आणि पुढील काच या दोन वेगळ्या वस्तू होत. खिडकीची काच तापवून एकदम थंड केलेली असते. ती फुटली की तिचे बारीक, बोथट दाणे होतात. पुढील काच म्हणजे वस्तुतः दोन काचा असून त्यांच्यामध्ये एका पारदर्शक, चिवट पदार्थाचा पातळ पापुद्रा असतो. त्यामुळे ती तडकली तरी विखरत नाही, तुकडे त्या पापुद्र्याला धरून राहतात. एदुआर बेनेदिक्तुस नावाच्या फ्रेंच रसायनज्ञाने अशा काचेचे पेटंट 1909 साली घेतले. आपल्याकडे 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी पुढील काच याच जातीची असली पाहिजे असे बंधन घातले. ही काच केवळ वारा आणि धूळ अडवीत नाही. गाडी उलटली तर छपराला तिचा आधार असतो. डावीकडे बसलेल्या माणसापुढील हवेची पिशवी पुष्कळ गाड्यांत फुगताना याच काचेला टेकून त्याच्याकडे वळते. आणि रात्री समोरच्या दिव्यांचा झोत तडकलेल्या काचेवर पडला म्हणजे चालकाला रस्त्याऐवजी नुसता प्रकाशाचा फुटवा दिसतो, हा अनुभव ज्याने घेतला आहे त्याला अधिक सांगावयास नको.

तेव्हा काच तडकलेली असताना माणसाने गाडी चालवू नये, ही समाजाच्या हिताची गोष्ट आहे. पण दुरुस्तीचा पहिला हिस्सा त्याच्याच खिशातून जावयाचा असेल तर तो काय करील? आज करू, उद्या करू, पगार झाल्यावर करू असे म्हणत तो तीच गाडी चालवीत राहील. हा मनुष्यस्वभाव ओळखून अमेरिकेतील काही राज्यांनी एक कायदा केला. फ्लोरिडा राज्याचा कायदा असा आहे की, ज्या पॉलिसीत गाडीच्या स्वतःच्या सर्वसाधारण नुकसानीचा, म्हणजे तिकडे ज्याला कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणतात तो विमा आहे, त्या पॉलिसीतील वजावटीची अट पुढील काचेच्या नुकसानीला लागू होणार नाही. विमेदाराने पाचशे डॉलर वजावट पत्करलेली असो की हजार डॉलर; पुढची काच गेली तर कंपनीने ती सबंध आपल्या खर्चाने बदलून द्यावयाची. केंटकी आणि दक्षिण कॅरोलिना येथील कायदे याहून थोडे विशाल आहेत. केंटकीत तर दारांच्या आणि खिडक्यांच्या काचा, इतकेच नव्हे तर दिव्यांवरील आवरणेही त्यात धरली आहेत. ॲरिझोनाने मध्यम मार्ग काढला. तेथे काचेवरील वजावट माफ असलेला विमा देऊ करणे कंपनीवर बंधनकारक आहे, पण तो घ्यावयाचा की नाही हे गिऱ्हाइकाने ठरवावयाचे आणि घेतला तर त्याचा हप्ताही भरावयाचा.

आपल्यापैकी अनेकांची मुले, भाचे, पुतणे आज त्या देशात आहेत. त्यांच्यासाठी दोन गोष्टी येथेच सांगून टाकतो. पहिली ही की, फ्लोरिडाची सवलत कॉम्प्रिहेन्सिव्ह विमा असलेल्यालाच आहे. त्या राज्यात सक्तीचा विमा एवढाच आहे की, स्वतःच्या दुखापतीसाठी दहा हजार डॉलर आणि दुसऱ्याच्या मालमत्तेसाठी दहा हजार डॉलर. एवढ्यावरच भागविणाऱ्याला काचेचा एक छदामही मिळत नाही. दुसरी ही की, तेथील कायद्यात शब्द ‘पुढील काच’ असा आहे. मागची किंवा बाजूची काच गेल्यास वजावट भरावीच लागते.

आता फुकट मिळणाऱ्या वस्तूचे पुढे काय होते तेही पाहण्यासारखे आहे. फ्लोरिडात काचवाल्यांची एक तऱ्हा रूढ झाली. गाडी धुण्याच्या जागी, बाजाराच्या आवारात त्यांचा माणूस उभा असे. तुमच्या काचेवर चरा दिसतो, नवी बसवून देतो, तुम्हाला काही पडणार नाही, उलट ही पन्नास-शंभर डॉलरची भेट घ्या, असे तो म्हणे. गिऱ्हाईक एका कागदावर सही करी आणि त्या सहीने विम्याची भरपाई मागण्याचा त्याचा हक्क काचवाल्याकडे जाई. मग बिल फुगवून कंपनीकडे जावयाचे, कंपनीने कमी पैसे द्यावयाचे आणि काचवाल्याने उरलेल्या रकमेसाठी कोर्टात जावयाचे. दावा जिंकला तर वकिलाची फीही कंपनीनेच द्यावी असा त्या वेळचा कायदा असल्यामुळे किरकोळ रकमांचे हजारो दावे कोर्टांत साचले. आपल्या काचेवरून खटला चालला आहे हे पुष्कळदा गाडीच्या मालकाच्या गावीही नसे. हा सारा खर्च अखेर कोणाच्या माथी बसला हे सांगण्याची आवश्यकता नाही. हप्ते सर्वांनीच भरावयाचे असतात. 2023 च्या मार्चमध्ये वकिलाच्या फीची ती तरतूद रद्द झाली. त्याच वर्षी मे महिन्यात काचेच्या बाबतीत हक्क लिहून घेण्याची पद्धत आणि गिऱ्हाइकाला भेटी देण्याची रीत, दोन्ही कायद्याने बंद करण्यात आल्या. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, काचेवरील वजावटीची माफी मात्र त्या सुधारणेत तशीच राहू दिली. रोग सवलतीत नसून सवलतीभोवती जमलेल्या मंडळींत आहे, असे विधिमंडळाने मानले, आणि माझ्या मते ते योग्यच मानले.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्याकडे 1988 च्या मोटार वाहन कायद्याने जो विमा सक्तीचा केला आहे तो तिऱ्हाइताच्या नुकसानीचा. स्वतःच्या गाडीच्या काचेशी त्याचा काही संबंध नाही. काचेची भरपाई हवी असेल तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमाही घेतलेला असला पाहिजे. अशा पॉलिसीत एक गोष्ट विमेदाराच्या बाजूची आहे, आणि आश्चर्य असे की ती फार थोड्यांना ठाऊक असते. गाडीचे भाग जुने झाले म्हणून भरपाईतून घसारा कापतात. रबर आणि प्लास्टिक यांवर पन्नास टक्के, फायबरग्लासवर तीस टक्के. पण काचेवर घसारा शून्य. तेव्हा केवळ काचेसाठी कोणी तुम्हाला ‘शून्य घसारा’ नावाची महागडी पुरवणी घ्यावयास सांगत असेल तर ती घेण्याचे कारण नाही. काचेभोवतीच्या रबरी पट्टीपुरताच तिचा उपयोग.

वजावट मात्र आपल्याकडे माफ नाही. दीड हजार सी. सी. पर्यंतच्या खासगी मोटारीस दर दाव्यामागे एक हजार रुपये आणि त्याहून मोठ्या मोटारीस दोन हजार रुपये अशी ती अनिवार्य वजावट आहे. हप्ता कमी व्हावा म्हणून तुम्ही आपण होऊन आणखी वजावट पत्करली असेल तर ती यात मिळवावयाची. येथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल, हजार रुपयांनी काय बिघडते? खरे आहे. आपल्याकडे काचेची खरी वजावट ती नव्हेच. ती आहे बोनसात.

वर्षभर दावा केला नाही तर पुढील वर्षी गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात वीस टक्के सूट मिळते. मग पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस आणि पाचव्या वर्षानंतर पन्नास टक्के. एक दावा केला, मग तो काचेचा का असेना, की ही शिडी सबंध उतरून पुन्हा पहिल्या पायरीवर उभे राहावयाचे. समजा, एका गृहस्थाचा या भागाचा मूळ हप्ता बारा हजार रुपये आहे आणि त्याने पन्नास टक्क्यांची पायरी गाठली आहे. काच बदलावयास नऊ हजार लागले. वजावट जाऊन हाती आले आठ हजार. आता पुढचे पाहा. पहिल्या वर्षी त्याची पन्नास टक्के सूट बुडाली, दुसऱ्या वर्षी तीस, तिसऱ्या वर्षी पंचवीस, चौथ्या वर्षी पंधरा, पाचव्या वर्षी पाच. एकूण एकशे पंचवीस टक्के, म्हणजे पंधरा हजार रुपये. गाडी जुनी होत जाते तसा मूळ हप्ता उतरतो, म्हणून प्रत्यक्ष आकडा काहीसा कमी भरेल. तरीही आठ हजारांसाठी त्याने त्याहून बरीच मोठी रक्कम घालविली यात शंका नाही. याउलट ज्याचे विम्याचे पहिलेच वर्ष आहे त्याचे हेच गणित मांडले तर त्याची पुढील पाच वर्षांतील हानी पन्नास टक्के, म्हणजे सहा हजार रुपये भरते. त्याने खुशाल दावा करावा. आणि ज्यांच्या काचेमागे रस्ता पाहणारा कॅमेरा बसविलेला आहे अशा नव्या गाड्यांची काच बदलल्यावर तो कॅमेरा पुन्हा नेमका जुळवून घ्यावा लागतो. तेथे खर्चाचा आकडा इतका मोठा होतो की बोनसाचा विचार बाजूस ठेवावा लागतो. बोनस शाबूत ठेवणारी पुरवणी काही कंपन्या जादा हप्ता घेऊन देतात. तिच्यात काचेच्या दाव्याविषयी काय लिहिले आहे ते सही करण्यापूर्वी वाचून घ्यावे.

मला खटकते ते एवढेच. काचेवर घसारा धरू नये हे ज्या शहाणपणाने ठरविले, त्याच शहाणपणाने केवळ काचेच्या दाव्याने बोनस जाऊ नये असेही सर्वांसाठी ठरविता आले असते. आज जो मनुष्य पाच वर्षे सांभाळून गाडी चालवितो त्यालाच तडकलेली काच तशीच ठेवण्याचा मोह सर्वांत अधिक होतो, आणि तो मोह आपल्या बोनसाच्या रचनेनेच निर्माण केलेला आहे.

तोपर्यंत व्यवहारात काय करावे? डाग नाण्याहून लहान असेल, चालकाच्या नजरेसमोर नसेल आणि काचेच्या कडेपर्यंत पोचला नसेल तर काच बदलावी लागत नाही. त्या खळग्यात राळेसारखा द्रव भरून अतिनील प्रकाशाने तो घट्ट करतात. त्याला नव्या काचेच्या मानाने फारच थोडा खर्च येतो आणि विम्याला हात लावावा लागत नाही. पण हे काम लवकर केले पाहिजे. उन्हात तापलेल्या गाडीत एकदम गार हवेचे यंत्र लावले, किंवा तापल्या काचेवर थंड पाणी ओतले, म्हणजे त्या हरभऱ्यातून भेग फुटते आणि पाहता पाहता काचभर धावते. तोवर खळग्यात धूळ व पाणी शिरू नये म्हणून वरून पारदर्शक पट्टी चिकटवून ठेवावी.

काच बदलावयाचीच ठरली आणि दावा करावयाचा असेल तर आधी कंपनीला कळवावे, डागाचे व गाडीच्या नंबराचे फोटो काढावे आणि कंपनीच्या माणसाने पाहिल्यावाचून जुनी काच काढू देऊ नये. नवी काच ज्या चिकट लुकणाने बसवितात ते वाळावयास वेळ लागतो. कारागीर सांगेल तितका वेळ गाडी हलवू नये, कारण ओल्या लुकणावरची काच छपराला आधार देऊ शकत नाही. आणि जुन्या काचेवर चिकटविलेला फास्टॅग तिच्याबरोबरच जातो. तो उकलून पुन्हा लावता येत नाही, म्हणून टोलनाक्यावर पोचण्यापूर्वी ज्या बँकेने तो दिला तिच्याकडून नवा मागवून घ्यावा.