मायक्रोकंट्रोलर, चित्ररूप साधने आणि आपले विद्यार्थी



मिरचीच्या हंगामात नंदुरबारच्या पथारींवर लाल मिरची वाळत पडते. तेथील तापमान व हवेतील ओलावा मोजून फलकावर दाखवणारे यंत्र आपल्या मुलांना करता येईल काय? आमचे उत्तर होकारार्थी आहे. त्यासाठी लागतो मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपवरचा छोटा संगणक. टायमर, सिरियल पोर्ट आणि विद्युतदाबाचे आकड्यात रूपांतर करणारा एडीसी, ही त्याची पेरिफेरल्स होत.

ही पेरिफेरल्स कामाला लावणे पूर्वी कष्टाचे होते. १९८० साली आलेल्या इंटेलच्या ८०५१ वर आपल्याकडील अनेक पिढ्या शिकल्या. ९६०० गतीने अक्षरे पाठवायची, तर ११.०५९२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलला आधी १२ ने, मग ३२ ने, मग ३ ने भागायचे आणि २५६ मधून ३ वजा करून २५३ हा आकडा टायमरमध्ये भरायचा. पुढे एसटीएम३२ सारख्या चिप आल्या. त्यांची माहितीपुस्तिका हजाराहून अधिक पानांची, तीही इंग्रजीत. मराठी माध्यमातून आलेला आपला मुलगा तेथेच थबकतो.

ही अडचण चित्ररूप साधनांनी पुष्कळ कमी केली. एसटीएम कंपनीने २०१४ साली आणलेले क्यूबएमएक्स हे त्यापैकी एक, आणि ते विनामूल्य मिळते. पडद्यावर चिपचे चित्र येते. पिनवर क्लिक करून काम नेमले की ती हिरवी होते. एकाच पिनवर दोन कामे मागितली, तर अडचण तेथेच कळते. घड्याळाचा मार्गही रेखाटलेला असतो. एफ१०३ या चिपला ८ मेगाहर्ट्झचे क्रिस्टल लावून ९ ने गुणले, की ७२ मिळतात. शेवटी सुरुवातीचा सी प्रोग्राम साधनच लिहून देते.

परंतु मित्रांनो, साधन हिशेब करते. खरे-खोटे तपासत नाही. बोर्डावर ८ चे क्रिस्टल असताना आपण १६ लिहिले, तर ते तक्रार करणार नाही. चिप निम्म्या वेगाने चालेल, ९६०० चे ४८०० होतील आणि पडद्यावर अर्थहीन अक्षरे उमटतील. वरचा भागाकार ज्याने एकदा हाताने केला आहे, त्यालाच दोष सापडेल.

आणखी दोन गोष्टी वहीत लिहून घ्या. आपला मजकूर ‘यूझर कोड’ या खुणांच्या आतच लिहावा. बाहेरचा मजकूर पुन्हा प्रोग्राम तयार करताना पुसला जातो. तसेच एफ१०३ मध्ये डीबगचा ‘सिरियल वायर’ पर्याय निवडायचा राहिला, तर पुढच्या वेळी बोर्ड प्रोग्रामरला ओळख देत नाही. बोर्ड जळाला असे समजून टाकून देऊ नये. रिसेट दाबून ठेवून जोडणी केली की तो बहुधा पुन्हा मिळतो.

शहाद्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात वा नंदुरबारच्या तंत्रनिकेतनात शिकणाऱ्या आपल्या मुला-मुलींना आमचे एवढेच सांगणे आहे: साधन जरूर वापरा, वेळ वाचवा, मात्र त्याने लिहिलेली प्रत्येक ओळ उघडून वाचा. मुलाखतीत प्रश्न माउसच्या क्लिकविषयी येणार नाही, त्यामागे काय घडले याविषयी येईल. कंपन्या बदलतील, साधनेही बदलतील. समजून घेतलेला हिशेब कोणी काढून घेऊ शकत नाही.