बार्बियानाची शाळा

इटलीतील फ्लॉरेन्स शहराच्या ईशान्येस मुजेल्लो नावाचे खोरे आहे. त्या खोऱ्यातील विक्किओ या गावाकडून डोंगर चढू लागले म्हणजे बऱ्याच वेळाने एक लहानसे दगडी चर्च, त्याला लागून धर्मगुरूंचे राहते घर आणि जवळच एक चिमुकली दफनभूमी, एवढेच दृष्टीस पडते. या ठिकाणाला बार्बियाना म्हणतात. गाव म्हणावे तर तेथे बाजार नाही, चावडी नाही, एकाला लागून एक अशी घरेही नाहीत. रानात आणि शेतांत विखुरलेली काही शेतकऱ्यांची घरे, हीच काय ती वस्ती. १९५४ साली तेथे पक्का रस्ता नव्हता, वीज नव्हती, नळाचे पाणी नव्हते. माणसे डोंगर सोडून सपाटीवरच्या कारखान्यांकडे चालली होती, आणि उरलेल्या मूठभर कुटुंबांसाठी स्वतंत्र धर्मगुरू ठेवावा की ते चर्च बंदच करावे, असा विचार वरिष्ठांच्या मनात घोळत होता. अशा या ठिकाणी त्या वर्षीच्या डिसेंबरात एकतीस वर्षांच्या एका धर्मगुरूची नेमणूक झाली. ही काही बढती नव्हती, हे निराळे सांगावयास नको.

त्यांचे नाव लोरेन्झो मिलानी. इटलीत धर्मगुरूंच्या नावामागे ‘डॉन’ हा मानाचा शब्द लावतात. आपल्याकडे त्या शब्दाला अलीकडे भलताच वास येऊ लागला असल्याने येथे त्यांना फादर मिलानी म्हटलेले बरे. त्यांचा जन्म २७ मे १९२३ रोजी फ्लॉरेन्समधील एका सधन आणि विद्याव्यासंगी घराण्यात झाला. पणजोबा दोमेनिको कोम्पारेत्ती हे प्राचीन भाषांचे नामांकित पंडित होते. आई यहुदी कुळातील होती. घरात ग्रंथ मुबलक, पण देवधर्माचा वारा फारसा नव्हता. तरुणपणी त्यांनी मिलान येथे चित्रकलेचा अभ्यास केला. विसाव्या वर्षी, ऐन महायुद्धाच्या धामधुमीत, त्यांचे मन एकाएकी ख्रिस्तधर्माकडे वळले. ते धर्मशिक्षणालयात दाखल झाले आणि १९४७ साली त्यांना धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली.

त्याच वर्षी त्यांची नेमणूक झाली ती फ्लॉरेन्सजवळच्या सान दोनातो या कामकरी वस्तीत. तेथे तरुण धर्मगुरूंना एक गोष्ट लवकरच उमगली. ते व्यासपीठावरून प्रवचन करीत, लोक ऐकत, आणि त्यांतले बहुतेक शब्द लोकांना कळतच नसत. ज्याला वर्तमानपत्रातील अग्रलेख कळत नाही, कारखान्याच्या करारपत्रावर काय लिहिले आहे ते कळत नाही, त्याला शुभवर्तमान तरी कसे कळावे? गरीब आणि श्रीमंत यांमधील अंतर पैशाचे आहे तसेच, किंबहुना त्याहून अधिक, शब्दांचे आहे, अशी त्यांची खात्री झाली. त्यांनी कामगारांसाठी व शेतकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. त्या काळी इटलीत कॅथलिक आणि कम्युनिस्ट यांच्यामधून विस्तव जात नव्हता. १९४९ साली रोमहून कम्युनिस्टांना बहिष्कृत करणारा हुकूमही निघाला होता. फादर मिलानी यांनी आपल्या शाळेच्या भिंतीवरील क्रूस खाली उतरविला. कोणाही घरच्या तरुणाला ही शाळा आपली नव्हे असे वाटू नये, एवढाच त्यात हेतू होता. एका धर्मगुरूने असे करावे याचा पुष्कळांना विषाद वाटला. पण ज्यांच्यासाठी तो क्रूस उतरविला ते तरुण शाळेत आले, हेही खरे.

पुढे तेथील वृद्ध मुख्य धर्मगुरू वारले. त्यांच्या जागी मिलानी यांना न नेमता बार्बियानाच्या डोंगरावर धाडण्यात आले. तेथे पोहोचल्यावर दुसऱ्याच दिवशी ते डोंगर उतरून विक्किओच्या कचेरीत गेले आणि बार्बियानाच्या दफनभूमीत स्वतःच्या थडग्यापुरती जागा त्यांनी विकत घेतली. येथून हलावयाचे नाही, हे त्यांनी इतक्या कमी शब्दांत सर्वांना कळविले.

डोंगरावरची मुले पाचवीपर्यंत शिकत. सरकारी प्राथमिक शाळा होती, पण पाचही इयत्ता एकाच खोलीत बसत. म्हणजे प्रत्येक मुलाच्या वाट्याला शिक्षणाचा पाचवा हिस्साच येई. ‘एकशिक्षकी शाळा’ हा शब्द ज्यांच्या परिचयाचा आहे त्यांना यावर अधिक काही सांगण्याची आवश्यकता नाही. पाचवीनंतर गुरे, लाकूडफाटा आणि शेत. १९५६ साली प्राथमिक शिक्षण संपलेल्या सहा मुलांना घेऊन फादर मिलानी यांनी आपल्या घराच्या दोन खोल्यांत पुढची शाळा सुरू केली.

या शाळेची रीत जगावेगळी होती. बाके नव्हती, फळा नव्हता, घंटा नव्हती, गुण नव्हते. मोठमोठी टेबले होती आणि त्यांच्याभोवती मुले बसत. उन्हाळ्यात ही टेबले बाहेर द्राक्षवेलीच्या मांडवाखाली येत. शाळा सकाळी भरे ती संध्याकाळी सुटे. दिवसाचे बारा तास, आणि वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस! रविवारी प्रार्थना आटोपली की पुन्हा शाळा. शहरातल्या कोणा पाहुण्याला हा मुलांवर जुलूम वाटला, तर त्याने त्या मुलांना सुटीचा अर्थ विचारावा. एका मुलाच्या घरी छत्तीस गाई होत्या. सुटी म्हणजे त्याला त्या छत्तीस गाईंचे शेण. शाळेचा बारावा तासदेखील त्याला विसाव्यासारखा वाटे, यात नवल ते काय?

पुस्तक बहुधा एकच असे. एकजण मोठ्याने वाची व बाकीचे त्याच्याभोवती गोळा होत. मोठ्या मुलाने लहानाला शिकवावयाचे, हा तेथील मुख्य नियम. आणि जो सर्वांत मागे पडलेला, त्याला समजेपर्यंत कोणीही पुढे जावयाचे नाही, हा त्याहून मुख्य नियम. इतर शाळांत हुशार मुलगा गुरुजींचा लाडका असतो. येथे मंद समजला गेलेला मुलगा साऱ्या वर्गाचा कौतुकाचा विषय असे. रोजचे वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचले जाई. शब्द अडला की कोश काढावयाचा, त्याची व्युत्पत्ती पाहावयाची, तो कोणत्या देशातून कोणत्या मार्गाने आला हे नकाशावर शोधावयाचे, आणि अशा एका शब्दापायी कधी अर्धा दिवस सरावयाचा. नकाशे आणि तक्ते मुलांनीच केलेले. खुर्च्या, टेबले व अवजारेही पुष्कळशी त्यांनीच शाळेच्या कर्मशाळेत तयार केलेली. डोंगरी मुलांना पाण्याचे भय फार, म्हणून आवारात पोहण्याचा एक लहानसा हौद बांधला. फ्रेंच, इंग्रजी, जर्मन या भाषा शिकवून मुलांना उन्हाळ्यात कामासाठी परदेशी पाठविले. ज्यांच्या बापांनी फ्लॉरेन्सही क्वचितच पाहिले होते, ती मुले इंग्लंडात आणि जर्मनीत स्वतःच्या कष्टाची भाकरी खाऊन आली.

भिंतीवर दोनच इंग्रजी शब्द लिहिलेले होते: ‘आय केअर’. मला याची पर्वा आहे, हे माझे काम आहे, असा त्याचा भावार्थ. मुसोलिनीच्या अनुयायांचे घोषवाक्य ‘मला काय त्याचे’ अशा अर्थाचे होते. त्याच्या नेमके उलट हे दोन शब्द आहेत, असे फादर मिलानी सांगत.

मग ही शाळा ख्रिस्ती होती ती कोणत्या अर्थाने, असा प्रश्न येथे साहजिकच उद्भवतो. धर्मशिक्षणाचा घोष तेथे नव्हता. मुले शुभवर्तमान वाचीत, तशीच सॉक्रेटिसाने न्यायसभेत केलेली आत्मसमर्थनाची कैफियत वाचीत, हिरोशिमावरील बाँबहल्ल्यात भाग घेतलेल्या एका वैमानिकाची पत्रे वाचीत, आणि महात्मा गांधींची आत्मकथा वाचीत. साबरमतीच्या आश्रमात गुजरातीतून लिहिलेले पुस्तक तस्कनीच्या डोंगरावर गुराख्यांची पोरे एका टेबलाभोवती वाचत बसली आहेत, हे चित्र आपण डोळ्यांपुढे आणावे. फादर मिलानी स्वतः मात्र पक्के, आज्ञाधारक कॅथलिक होते. वरिष्ठांशी त्यांचे खटके उडाले, १९५८ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे धर्मकार्याच्या अनुभवांवरील पुस्तक त्याच वर्षाच्या डिसेंबरात रोमच्या आदेशाने बाजारातून काढून घेण्यात आले, तरीही धर्मपीठ सोडण्याचा विचार त्यांना शिवला नाही. पापांची क्षमा येथेच मिळते, ती मागावयास दुसरीकडे कोठे जावे, अशी त्यांची साधी समजूत होती. श्रद्धा शिकविता येत नाही, ती ज्याच्याजवळ असते त्याच्या वागण्यातून शिष्याला दिसते, असे ते मानीत. ते जन्मभर त्या बारा तासांच्या टेबलाशी बसून राहिले, यात सारे आले.

या शाळेची केवळ स्तुती करणे मात्र योग्य होणार नाही. फादर मिलानी स्वभावाने कडक होते. जीभ तिखट होती आणि प्रसंगी हातही उगारला जाई. खेळाला ते वेळेचा अपव्यय समजत, आणि हे मत अनेक चांगल्या शिक्षकांना मान्य होणार नाही. मुलींची संख्या अगदी थोडी राहिली. एका माणसाच्या तेजावर उभी असलेली शाळा त्याच्यामागे कशी चालावी, याचेही उत्तर तेथे मिळत नाही. १९६३ पासून एका सरकारी शाळेतील शिक्षिका तेथे येऊन त्यांना हातभार लावीत असत. त्याच साली मारिओ लोदी हे प्राथमिक शिक्षक भेटीस आले. मुलांनी मिळून लेख लिहावा, ही रीत लोदी यांच्या मुलांशी झालेल्या पत्रव्यवहारातून बार्बियानात रुजली. प्रत्येकाने आपले विचार चिठ्ठ्यांवर लिहावयाचे, चिठ्ठ्या टेबलावर पसरून त्यांची मांडणी करावयाची, आणि मग अनावश्यक शब्द निष्ठुरपणे छाटावयाचे.

या रीतीची कसोटी लवकरच लागली. १९६५ च्या फेब्रुवारीत काही लष्करी धर्मगुरूंनी एक पत्रक काढून, सद्‌सद्विवेकाला स्मरून सैन्यात जाण्यास नकार देणाऱ्या तरुणांना भ्याड ठरविले. असे तरुण त्या वेळी तुरुंगात होते. फादर मिलानी यांनी मुलांसमवेत विचार करून उत्तर लिहिले. त्याबद्दल त्यांच्यावर गुन्ह्यास चिथावणी दिल्याचा खटला भरण्यात आला. रक्ताच्या कर्करोगासारख्या दुर्धर रोगाने ते अंथरुणास खिळत चालले होते. रोमला न्यायालयात जाता येईना, म्हणून त्यांनी आपले म्हणणे न्यायाधीशांना पत्राने कळविले. शिक्षकाने शिष्यांना कायद्याचा मान राखण्यास शिकवावे, पण अन्यायी कायदा बदलण्याची इच्छाही धरण्यास शिकवावे, असा त्याचा सारांश. १९६६ च्या फेब्रुवारीत ते निर्दोष सुटले. अशा नकाराचा हक्क इटलीच्या कायद्याने १९७२ साली मान्य केला.

याच सुमारास बार्बियानाची दोन मुले शिक्षक होण्यासाठी प्रशिक्षण विद्यालयात गेली आणि परीक्षेत नापास झाली. शिक्षक होण्याची ज्यांची एवढी तयारी झाली होती, त्यांनाच शाळेने दार दाखविले. तेव्हा आठ मुलांनी मिळून, त्यांना नापास करणाऱ्या बाईंना उद्देशून, एक पत्र लिहावयास घेतले. ते लिहिता लिहिता त्याचे पुस्तक झाले आणि १९६७ च्या मे महिन्यात ते प्रसिद्ध झाले. वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत सर्वांना एकच सक्तीची शाळा असावी असा कायदा इटलीत १९६२ च्या अखेरीस झाला होता. मग मुले गळतात का, आणि कोणाची गळतात? मुलांनी सरकारी आकडे आणि शाळांचे पट धुंडाळून तक्ते बनविले. गळणारी मुले शेतकऱ्यांची व मजुरांची होती. टिकणारी डॉक्टरांची व वकिलांची होती. पत्रात डॉक्टरांच्या मुलाला एक नाव आहे आणि गरिबाच्या मुलाला एक नाव आहे. एकाला घरून भाषा आयती मिळते, दुसऱ्याला ती शाळेतच मिळावयाची, आणि शाळा तर त्यालाच बाहेर काढते. धडधाकटांवर उपचार करून रोग्यांना घरी पाठविणारे इस्पितळ जसे, तशी ही शाळा, असा त्यांचा आरोप होता. सक्तीच्या शिक्षणात कोणाला नापास करू नका, मागे राहणाऱ्यांना दिवसभराची शाळा द्या, आणि आळशी दिसणाऱ्यांना शिकण्यास एखादा हेतू द्या, एवढ्या त्यांच्या मागण्या. या पत्राने इटलीत मोठी खळबळ उडविली, पुष्कळ भाषांत त्याची भाषांतरे झाली, आणि ‘प्रिय बाई’ या नावाने ते मराठीतही आले. आपल्याकडील शिक्षकांनी वाचून थोडे अस्वस्थ व्हावे असे ते पुस्तक आहे.

पुस्तक बाहेर पडले त्या वेळी फादर मिलानी फ्लॉरेन्सला आईच्या घरी अंतकाळच्या शय्येवर होते. मुले आळीपाळीने उशाशी असत. आपण देवापेक्षा या मुलांवरच अधिक प्रेम केले, परंतु देव इतका बारीक हिशेब ठेवीत नसावा, अशा आशयाची कबुली त्यांनी मृत्युपत्रात देऊन ठेवली होती. धर्मोपदेशकाच्या लेखणीतून असे वाक्य उतरण्यास केवढे मोठे मन हवे! २६ जून १९६७ रोजी, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, ते निवर्तले. तेरा वर्षांपूर्वी विकत घेतलेल्या जागेत त्यांना पुरण्यात आले. अंगात धर्मगुरूचा वेष होता आणि पायांत डोंगर चढण्याचे जोडे होते.

शाळा त्यांच्यामागे फार काळ चालली नाही. मुले आपापल्या वाटांनी गेली, आणि त्यांतील कितीतरी कामगार संघटनांच्या कार्यात पडली. १९५८ सालच्या पुस्तकावरील बंदी धर्मपीठाने २०१४ मध्ये उठविली. २० जून २०१७ रोजी पोप फ्रान्सिस स्वतः बार्बियानाच्या डोंगरावर आले, त्या थडग्यापाशी उभे राहून त्यांनी मूकपणे प्रार्थना केली, आणि तेथे जमलेल्या, आता म्हाताऱ्या झालेल्या शिष्यांशी ते बोलले. शाळेच्या खोलीत ती टेबले आहेत, मुलांनी काढलेले नकाशे भिंतीवर आहेत, आणि बाहेर तो लहानसा हौदही आहे.