शेततळ्याचा सांडवा आणि आतले मासे



२०१६ सालच्या एप्रिलात मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी आणावे लागले, हे तुम्ही विसरला नसाल. पाण्याची किंमत लातूर-नांदेडच्या माणसाला कुणी शिकवायला नको. म्हणून शेततळे खणले, त्यात रोहू, कटला, मृगळ सोडला, हे फार चांगले केले. पण एका रात्रीच्या पावसात तळे भरून वाहते, आणि सकाळी पाहावे तो मासे ओढ्याला!

मासा नुसता वाहून जातो असे समजू नका. हा मूळचा नदीतला मासा. पावसाळ्यात वाहत्या पाण्याकडे तो आपणहून धावतो. तेव्हा सांडव्याला जाळी हवीच.

मग कुणी सांडव्याच्या तोंडावरच बारीक जाळी ताणून बांधतो. इथेच घात होतो. चिंचोळ्या वाटेने पाणी जोरात ओढते; बोटुकली जाळीला चिकटून मरते. त्यात पालापाचोळा बसतो, जाळी तुंबते, पाणी चढते आणि भरावावरून वाहू लागते. मातीचा भराव एकदा कापला गेला, की मासेही गेले न् पाणीही गेले!

उपाय फार खर्चाचा नाही. जाळी तोंडापासून दोन-तीन हात आत, अर्धचंद्राकार लावा. हिशेब सोपा आहे. १ चौरस मीटर जाळीतून जाणारे पाणी ४ चौरस मीटरमधून गेले, तर त्याचा वेग चौथाई होतो. संथ ओढीतून लहान मासाही मागे फिरतो. जाळीचे भोक माशाच्या डोक्याहून लहान ठेवा. मासा वाढला की मोठ्या भोकाची जाळी लावा. कचरा अडवायला पुढे बांबूच्या कामट्यांचा कूड घाला, आणि पावसात रोज साफ करा.

एक गोष्ट मात्र विसरू नका. जाळीचा माथा भरावाच्या माथ्याहून हातभर खाली असू द्या. जाळी तुंबलीच, तर पाणी तिच्यावरून जाईल, भराव वाचेल. मासे पुन्हा सोडता येतात, गेलेले पाणी परत येत नाही.

गुरुजी, हे मुलांना बादलीत दाखवा. बादलीच्या काठाखाली नळी बसवा, पाण्यावर पानांचे तुकडे सोडा आणि वरून पाणी ओतत राहा. तुकडे नळीच्या तोंडाशी अडकतील. मग तोंडाभोवती जाळीची मोठी टोपली लावा. ओढ कशी मंदावते, ते पोरे डोळ्यांनी पाहतील. आणि घरी जाऊन बापाला सांगतील.

मृग लागण्याआधी एकदा सांडव्यावर जाऊन या. राम राम!